अनेक चार्ज, एक फील्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवताना स्थिर विद्युतचा धडा आला की दरवर्षी तेच प्रश्न येतात. काही वर्गात, काही रात्री अकरानंतर मोबाइलवर, तर काही पालकांकडून: "सर, याला सगळे फॉर्म्युले पाठ आहेत, तरी मार्क जातात कुठे?" उत्तरं एका जागी मिळावीत म्हणून हे पान. आकडेमोडीचा त्रास नको म्हणून बहुतेक ठिकाणी चार्ज (विद्युतभार) नॅनोकूलोंबमध्ये आणि अंतर मीटरमध्ये घेतलंय. एक नॅनोकूलोंब म्हणजे कूलोंबचा शंभर कोटीवा भाग.

एकट्या चार्जचं फील्ड किती?

फील्ड (विद्युत क्षेत्र) म्हणजे एखाद्या जागी ठेवलेल्या धन चार्जवर कूलोंबमागे किती आणि कुठल्या दिशेने बल लागेल ते. ते काढायला चार्जला अंतराच्या वर्गाने भागा आणि स्थिरांक 'के'ने गुणा. फ्रान्सच्या कूलोंबने १७८५ मध्ये बारीक तारेला बसणारा पीळ मोजून हा वर्गाचा नियम दाखवला. 'के'ची किंमत साधारण ९०० कोटी, एसआय एककांत. चार्ज नॅनोकूलोंबमध्ये घेतला की हे ९०० कोटी आणि नॅनोचा शंभर कोटीवा भाग एकमेकांत उडतात आणि हाती फक्त ९ उरतो. म्हणून १ नॅनोकूलोंबचं फील्ड १ मीटरवर ९ न्यूटन प्रति कूलोंब, २ मीटरवर २.२५ आणि ३ मीटरवर १. हे तीन आकडे डोक्यात ठेवा, खाली सगळीकडे तेच लागणार आहेत.

दिशा: धन चार्जपासून बाहेर, ऋण चार्जकडे आत.

दोन चार्ज असले की काय करायचं?

दुसरा नाहीच असं समजून पहिल्याचं फील्ड काढा. मग पहिला नाहीच असं समजून दुसऱ्याचं. शेवटी दोन्ही बाणांची सदिश बेरीज, म्हणजे दिशा धरून बेरीज, करा. झालं. याला अध्यारोपणाचं तत्त्व म्हणतात, क्लासच्या भाषेत सुपरपोझिशन.

'सदिश' हा शब्द मुलं वाचतात आणि पुढे जातात, आणि मार्क जातात ते इथेच. लालबागमध्ये गणपतीच्या ट्रॉलीला दोन बाजूंनी दोर लावून दोन गट ओढतात, तेव्हा ट्रॉली या गटाकडेही जात नाही आणि त्या गटाकडेही नाही, मधून जाते. दोन्ही गटांचा जोर ट्रॉलीला पूर्ण लागतो, पण दिशा वेगळ्या असल्याने आकडे नुसते जोडून चालत नाही.

आकड्यांत बघू. एक बिंदू घ्या. त्याच्या पश्चिमेला ३ मीटरवर धन ३ नॅनोकूलोंब आणि दक्षिणेला ३ मीटरवर धन ४ नॅनोकूलोंब. पहिला बिंदूपाशी पूर्वेकडे ३ न्यूटन प्रति कूलोंब देतो, दुसरा उत्तरेकडे ४. एकूण फील्ड ७ नाही, ५ आहे. दिशा पूर्वेकडून उत्तरेला सुमारे ५३ अंश. ७ हे उत्तर दोन्ही बाण एकाच दिशेला असते तरच आलं असतं.

ऋण चार्जचं उणे चिन्ह फॉर्म्युल्यात घालू का?

माझं मत विचाराल तर घालू नका. फॉर्म्युल्यातून फक्त परिमाण काढा आणि दिशा आकृतीत बाण काढून ठरवा. सदिश रूपातलं सूत्र पूर्ण शिस्तीने वापरलंत तर चिन्ह घालणंही बरोबरच आहे. पण परीक्षेच्या घाईत एक उणे चिन्हाचं आणि एक आकृतीतल्या दिशेचं अशी दोन उणी लागतात आणि बाण उलटा होतो. आकृती न काढता गणित सुरू करणाऱ्याला मी पेन खाली ठेवायला सांगतो.

तीन, चार किंवा दहा चार्ज असतील तर?

पद्धत तीच, फक्त आता कंपोनंट पाडावे लागतात, म्हणजे प्रत्येक बाणाचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन भाग करावे लागतात. वरच्याच उदाहरणात ईशान्येला ३ मीटरवर उणे १.४१ नॅनोकूलोंब आणून ठेवा. तो बिंदूपाशी ईशान्येकडे १.४१ न्यूटन प्रति कूलोंब देतो, म्हणजे पूर्वेकडे १ आणि उत्तरेकडे १. आता पूर्वेकडे एकूण ३ अधिक १ म्हणजे ४ आणि उत्तरेकडे ४ अधिक १ म्हणजे ५. एकूण परिमाण ४१ चं वर्गमूळ, सुमारे ६.४. दहा चार्ज असले तरी कागदावर दोनच रकाने लागतात, एक पूर्व-पश्चिमचा आणि एक उत्तर-दक्षिणचा. चार्ज एका प्रतलात नसतील तर तिसरा.

एक गोष्ट लक्षात घ्या. तिसरा चार्ज आणला म्हणून पहिल्या दोघांचं गणित पुन्हा करावं लागलं नाही. ३ आणि ४ जागच्या जागी राहिले. या तत्त्वाचा खरा फायदा हा आहे.

फील्ड शून्य कुठे येतं, हे पटकन कसं ओळखायचं?

आधी जागा ओळखा, समीकरण मागाहून.

दोन्ही चार्ज धन असतील तर त्यांना जोडणाऱ्या रेषेवर, दोघांच्या मधे, बाण समोरासमोर येतात. म्हणून शून्य तिथेच मिळणार, आणि लहान चार्जच्या जवळ मिळणार. १ आणि ४ नॅनोकूलोंब ३ मीटर अंतरावर ठेवले तर शून्याचा बिंदू १ वाल्यापासून १ मीटरवर येतो. पडताळा: लहान चार्ज १ मीटरवरून ९ देतो, मोठा २ मीटरवरून ३६ भागिले ४ म्हणजे ९ देतो. दिशा विरुद्ध, हिशेब मिटला.

आता ४ वाल्याला ऋण करा. मधे दोन्ही बाण एकाच दिशेला, ऋण चार्जकडे, म्हणून तिथे शून्य येणं शक्यच नाही. बाहेर जावं लागतं. मोठ्या चार्जच्या पलीकडे गेलात तर मोठा जवळ आणि लहान लांब, मोठ्याला बरोबरी द्यायला लहान कधीच पुरणार नाही. म्हणून लहान चार्जच्या पलीकडे जा. तिथे ३ मीटरवर लहान १ देतो, आणि मोठा ६ मीटरवरून ३६ भागिले ३६, म्हणजे १. शून्य.

वर्गसमीकरण सोडवून दोन उत्तरं येतात आणि मुलं त्यातलं चुकीचं निवडतात. गणिताच्या दृष्टीने ते उत्तरही खरंच असतं, त्या जागी दोन्ही फील्डची परिमाणं सारखी असतात, पण दिशा एक असते. म्हणून जागा आधी.

फील्ड शून्य आहे तिथे चार्ज ठेवला तर तो तिथेच राहील ना?

अगदी नेमका ठेवलात तर त्याच्यावर बल नाही. पण जरा सरकला की कुठल्या ना कुठल्या दिशेने निसटतोच. दोन समान धन चार्जच्या मधोमध धन चार्ज ठेवा. रेषेवर सरकवलात तर परत मध्याकडे येईल, आडवा सरकवलात तर बाहेर फेकला जाईल. नुसत्या स्थिर चार्जच्या जोरावर एखाद्या चार्जला मोकळ्या जागेत स्थिर समतोलात धरता येत नाही, हे सॅम्युएल अर्नशॉने १८४२ मध्ये दाखवलं.

दोन समान चार्जच्या मधोमध शून्य. मग तिथून लांब जाताना फील्ड वाढतं की कमी होतं?

दोन्ही. हा मला या धड्यातला सगळ्यात सुंदर प्रश्न वाटतो, आणि तो कागदावर करून बघण्यात मजा आहे.

१-१ नॅनोकूलोंबचे दोन धन चार्ज २ मीटर अंतरावर. मध्यबिंदूतून लंबावर वर जायला लागा. सुरुवातीला, मध्यावर, शून्य. ०.७१ मीटर वर गेलात की प्रत्येक चार्जचं अंतर वाढलंय, दोघेही ६-६ देतात, त्यांचे आडवे भाग एकमेकांना मारतात आणि उभे भाग मिळून ६.९३ होतात. १ मीटरवर ६.३६. २ मीटरवर ३.२२. म्हणजे शून्यापासून चढत फील्ड ०.७१ मीटरच्या आसपास शिखरावर पोहोचतं आणि मग उतरतं. हे ०.७१ म्हणजे अर्ध्या अंतराला २ च्या वर्गमूळाने भागून आलेला आकडा.

कारण असं: जवळ असताना दोघांचा जोर मोठा असतो, पण बाण जवळजवळ समोरासमोर असल्याने फुकट जातो. लांब गेलं की बाण एका दिशेला वळतात, पण जोर घटतो. या ओढाताणीत मधे कुठेतरी सर्वांत मोठी किंमत येते. आणि १० मीटरवर? उत्तर ०.१७७. मध्यावर २ नॅनोकूलोंबचा एकच चार्ज असता तर ०.१८ आलं असतं. एवढ्या लांबून दोन चार्ज एकच वाटायला लागतात.

यातला एक चार्ज ऋण केला तर?

तो द्विध्रुव (सारख्याच धन आणि ऋण चार्जची जोडी) झाला आणि चित्र पालटलं. मध्यावर आता ९ आणि ९ एकाच दिशेला, म्हणजे १८. लंबावर १० मीटरवर मात्र फक्त ०.०१७७, आधीच्या दहावा भाग. लांबून पाहिलं तर धन आणि ऋण एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात, जे उरतं ते फक्त दोघांच्या जागा किंचित वेगळ्या असल्यामुळे. म्हणून लांब अंतरावर फील्ड अंतराच्या वर्गाने नाही, घनाने घटतं. अंतर दुप्पट केलं की आठवा भाग. अक्षावरचं (दोन्ही चार्ज जोडणाऱ्या रेषेवरचं) फील्ड तेवढ्याच दूरच्या लंबावरच्या फील्डच्या दुप्पट, हेही लांब अंतरासाठीच. जवळच्या बिंदूला हे सूत्र लावणं ही परीक्षेतली नेहमीची गफलत.

सममितीचा उपयोग कसा करायचा?

राजाबाई टॉवरच्या घड्याळासारखी एक तबकडी कल्पा, त्रिज्या ३ मीटर, आणि बाराही आकड्यांवर धन १ नॅनोकूलोंब ठेवा. केंद्राशी फील्ड शून्य, कारण प्रत्येक चार्जसमोर त्याचा जोडीदार बसलाय. आता ३ वरचा चार्ज काढून टाका. अकरा बाणांची बेरीज करत बसू नका. आधी एकूण शून्य होतं. त्यात ३ वरच्याचा वाटा ९ च्या दिशेने १ होता. तो गेला, म्हणजे उरलेल्यांचा वाटा ३ च्या दिशेने १. केंद्रातला बाण रिकाम्या जागेकडे वळतो.

थोडं अवघड: आकडा तेवढे नॅनोकूलोंब ठेवा, १ वर १, २ वर २, असं १२ पर्यंत. समोरासमोरच्या प्रत्येक जोडीत फरक ६ चा येतो. सहा जोड्या म्हणजे ६-६ चे सहा बाण, १ पासून ६ पर्यंतच्या आकड्यांकडे. त्यांचा मध्य साडेतीन. साडेतीन वाजता तासकाटा जिकडे असतो तिकडे फील्ड, परिमाण सुमारे २३.२. बारा कंपोनंट पाडणाऱ्यालाही हेच उत्तर मिळेल, पण तोवर पुढचे दोन प्रश्न सुटलेले असतात.

विभवाची बेरीजही अशीच?

त्याहून सोपी. विभव (पोटेन्शियल, व्होल्टमध्ये मोजतात) अदिश आहे, म्हणजे त्याला दिशा नसते, आकडे चिन्हासकट सरळ मिळवायचे. पण एक शून्य म्हणून दुसरं शून्य असं समजू नका. वरच्या १-१ नॅनोकूलोंबच्या दोन धन चार्जच्या मध्यावर फील्ड शून्य, विभव १८ व्होल्ट. द्विध्रुवाच्या मध्यावर विभव शून्य, फील्ड १८.

मधे दुसरा चार्ज किंवा धातूचा पत्रा आला तर पहिल्याचं फील्ड अडतं का?

नाही. हे वाक्य ऐकून अर्धा वर्ग हरकत घेतो, "मग धातूच्या डब्यात फील्ड का पोहोचत नाही?" म्हणून जरा सविस्तर.

बाहेरच्या चार्जचं फील्ड पत्र्याच्या आरपार जातं, पत्रा नव्हता तेव्हा जेवढं होतं तेवढंच. पण पत्र्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात. ते त्या फील्डमुळे सरकतात, एका पृष्ठभागावर ऋण साचतं, दुसऱ्यावर धन उरतं. या साचलेल्या चार्जचंही स्वतःचं फील्ड असतं. धातूच्या आत दोन्ही फील्ड नेमकी विरुद्ध येतात आणि बेरीज शून्य होते. शून्य होईपर्यंत इलेक्ट्रॉन थांबतच नाहीत. म्हणजे धातू फील्ड अडवत नाही, आपलं फील्ड त्यात मिळवतो.

लोकलच्या डब्याच्या वर २५,००० व्होल्टची तार असते. (१९२५ मध्ये व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी सुटली तेव्हा तारेत १५०० व्होल्ट डीसी होतं. २५,००० व्होल्ट एसीकडचा बदल टप्प्याटप्प्याने होत हार्बरवर २०१६ मध्ये पुरा झाला.) डब्याच्या आत उभ्या असलेल्या माणसाजवळ तारेचं फील्ड अगदी क्षीण असतं ते याच कारणाने, डब्याच्या टपावर आणि बाजूंवर साचलेले चार्ज ते जवळजवळ पुसून टाकतात. टपावर चढणाऱ्याला हे संरक्षण नसतं. तारेला हात लागायचीही गरज नाही. साध्या हवेत मीटरला सुमारे ३० लाख व्होल्टच्या फील्डला ठिणगी पडते (व्होल्ट प्रति मीटर म्हणजेच न्यूटन प्रति कूलोंब), आणि टोकदार किंवा बारीक वस्तूपाशी फील्ड एकवटत असल्याने जवळ जाणंच पुरेसं होतं.

पाण्यासारख्या माध्यमाचंही तेच. पाण्यात दोन चार्जमधलं बल सुमारे ८० पट कमी होतं, कारण पाण्याचे रेणू वळतात आणि त्यांचं फील्ड बेरजेत येतं. सगळे चार्ज मोजलेत तर तत्त्व कधीच फसत नाही. फसतो तो मोजणारा, जो साचलेले चार्ज विसरतो.

हे तत्त्व कूलोंबच्या नियमावरून सिद्ध करता येतं का?

नाही. कूलोंबचा नियम दोन चार्जबद्दल बोलतो. तिसरा आल्यावर पहिल्या दोघांमधलं बल बदलणार नाही, ही वेगळी गोष्ट आहे आणि ती प्रयोगांवरून मान्य केलेली आहे. निसर्ग तसा नसता तर प्रत्येक नव्या चार्जबरोबर सगळं गणित पहिल्यापासून करावं लागलं असतं. निर्वातात मर्यादा येते ती अतिप्रचंड फील्डला, मीटरला १३ वर १७ शून्यं एवढ्या व्होल्टच्या घरात. तिथे क्वांटम परिणामांमुळे फील्ड एकमेकांवर परिणाम करू लागतात. २०१७ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या अ‍ॅटलास प्रयोगात प्रकाशावरून प्रकाश विखुरल्याचा पुरावा मिळाला, तो याच जातीचा. बोर्डाच्या पेपरात हे लिहायची गरज नाही.

चार्ज हलत असतील तर?

बेरीज तरीही चालते. चालत नाही ते स्थिर चार्जचं साधं सूत्र. चार्ज हलल्याची बातमी प्रकाशाच्या वेगाने पसरते. चर्चगेट ते दादर सुमारे १० किलोमीटर, तेवढं जायला तिला ३३ मायक्रोसेकंद लागतात, आणि तोवर दादरला जुनंच फील्ड असतं.

चुंबकीय क्षेत्रांचीही अशीच बेरीज होते?

होते, आणि मुंबईला ती एकदा महागात पडली. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, म्हणजे ट्रामच्या प्रवाहाचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रात मिसळणार. उपकरणाला फक्त बेरीज कळते, त्यातला वाटा कोणाचा ते कळत नाही. म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली.

घरी कंगव्याने कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग होतच नाही. का?

महिना कोणता? जुलैत मुंबईत हे होणं कठीण. दमट हवेत कंगव्यावर पाण्याचा अदृश्य थर बसतो आणि चार्ज त्यावरून निसटून जातो. डिसेंबर-जानेवारीत करा, किंवा एसी बराच वेळ चालू असलेल्या खोलीत. केस कोरडे आणि तेल न लावलेले हवेत.

जमलं की नीट बघा. कपटा चार्ज नसलेला असतो, तरी उचलला जातो. कंगव्याच्या फील्डमुळे कपट्यातले धन आणि ऋण किंचित वेगळे होतात. विरुद्ध चार्ज कंगव्याच्या जरा जवळ, सारखा जरा लांब. जवळच्यावर ओढ जास्त, लांबच्यावर ढकलणं कमी, बेरीज ओढीच्या बाजूने. कधी कधी कपटा कंगव्याला टेकून क्षणात उडून जातो, तो कंगव्याचाच चार्ज घेऊन.

दोन बलरेषा एकमेकींना छेदतात का?

नाही. बलरेषा म्हणजे जागोजागी फील्डची दिशा दाखवणारी रेषा. छेदबिंदूवर फील्डला दोन दिशा झाल्या असत्या. बेरीज करून एका जागी एकच बाण उरतो.

ज्या चार्जवरचं बल काढायचं, त्याचं स्वतःचं फील्ड धरायचं का?

धरायचं नाही. बाकी सगळ्यांचं धरायचं.

'के' ९ घ्यायचा की ८.९९?

पेपरात दिलेला असेल तो. दिलेला नसेल तर ९ घ्या, ०.१ टक्क्याचा फरक पडतो आणि पर्याय एवढे जवळ क्वचितच ठेवलेले असतात.